प्रोसेसर नवा, स्क्रीन काळी

प्रश्न : दादा, बी४५० मदरबोर्डावरचा रायझन ३२००जी प्रोसेसर काढून ५६०० बसवला, आता पंखे फिरतात पण स्क्रीनवर काहीच नाही. काय करू? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : मॉनिटरची केबल बोर्डालाच लावलीय ना? अहो, ३२००जीमध्ये ग्राफिक्स आतच होतं, ५६०० मध्ये ते नाहीच, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहणार, दुकानदाराने हे सांगायला हवं होतं खरंतर. कार्ड आहे? मग बायोस (बोर्ड सुरू करणारं, त्यातच साठवलेलं सॉफ्टवेअर) जुना असेल, नवा प्रोसेसर ओळखत नसेल, जुना प्रोसेसर परत बसवून बायोस अपडेट करा, पण मधेच लाईट गेली तर बोर्डच जायचा, म्हणून आपल्याकडच्या पावसात हे यूपीएसवरच. आणि प्रोसेसरवरचा कूलर जरा कोमट असतानाच हळू पिळून सोडवा, नाहीतर मधल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो नि त्याच्या पिना वाकतात, माझ्या वाकल्यात.