चयापचयात ‘पच’ नाही

प्रश्न असा आहे: ‘एमआरआयने मेंदूतल्या ऑक्सिजनचे चयपचय मोजतात, असे वाचले. शब्द चयपचय की चयापचय? आणि मेंदू काही अन्न पचवत नाही, मग तिथे हा शब्द कसा?’

चयापचय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. दुसऱ्या प्रश्नामागची चूक मात्र सतत कानावर पडते आणि दर वेळी खटकते. जेवण जड झाले की ‘चयापचय बिघडला’ म्हणतात, कारण या शब्दात लोकांना पचन, अपचन ऐकू येते. संधी सोडवून पाहा: चय आणि अपचय. पच् धातूचा इथे काडीचाही संबंध नाही. धातू आहे चि, म्हणजे रचणे, रास करणे. संचय, समुच्चय त्याचेच. पेशी साध्या रेणूंपासून मोठे रेणू बांधते तो चय. मोठे रेणू मोडून ऊर्जा मिळवते तो अपचय.

आणि याच चि धातूपासून ‘काय’, म्हणजे शरीर, हा शब्द होतो! पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे (३.३.४१): निवास, चिती (रचलेली यज्ञवेदी), शरीर किंवा रास असा अर्थ असेल तर धातूच्या आरंभीच्या ‘च’चा ‘क’ होतो. म्हणून काय, म्हणूनच निकाय. लाकडे रचून होते ती चिताही याच धातूची. रचलेली ती काया, तिच्यासाठी शेवटी रचतात ती चिता, आणि तोवर अखंड चालतो तो चयापचय. मेटाबॉलिझम या इंग्रजी प्रतिशब्दाच्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द नुसता ‘बदल’ सांगतो; आपला शब्द बांधणे आणि मोडणे दोन्ही सांगतो. म्हणूनच हिंदीतला ‘उपापचय’ मराठीत आणू पाहणाऱ्या परिभाषाकारांशी माझे मुळीच जमत नाही. त्या शब्दात उपचयाचा, म्हणजे बांधणीचा, नुसता उपसर्ग उरला आणि चय गळाला. बांधणाराच हाकलला, मोडणारा तेवढा ठेवला.

आता मेंदू. त्याच्या पेशींत चयापचय चालतोच, तेव्हा शब्द तिथे योग्य आहे. माझा आक्षेप ‘ऑक्सिजनचा चयापचय’ याला आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीत शरीर वापरते त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू घेतो. आणि साठा जवळजवळ शून्य. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपते. जिथे साठाच होत नाही, तिथे ऑक्सिजनचा चय कुठला?

मोजणीही हेच सांगते. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकक्षेत्रात वेगळे वागते, हे पॉलिंग आणि कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये दाखवले. त्यामुळे मेंदूतून परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती उरला, हे मोठ्या शिरेतल्या एमआरआय संकेतावरून काढता येते. धमनीतल्या ऑक्सिजनमधून तो वजा करायचा, फरकाला रक्तप्रवाहाने गुणायचे. उत्तर येते १०० ग्रॅम मेंदूमागे मिनिटाला साधारण ३ ते ४ मिलिलिटर. आत किती गेला, बाहेर किती आला, मधे किती संपला: शुद्ध जमाखर्च. (मेंदूचा एखादा भाग ‘उजळलेला’ दाखवणारी एमआरआय चित्रे म्हणजे ही मोजणी नव्हे. तिथे रक्तप्रवाह गरजेपेक्षा जास्त वाढतो, म्हणून शिरांतल्या रक्तात ऑक्सिजन उलट अधिक उरतो.)

या संपण्याला मराठीत नेमका शब्द आहे: खप. तो बाजारचा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ‘खपणे’ हे क्रियापद नीट ऐकावे. धान्य खपते, तेल खपते, माणूस कामात खपतो; सगळीकडे काहीतरी वापरले जाऊन सरते. मेंदूत ऑक्सिजनचेही तेच होते. तेव्हा ‘मेंदूतला ऑक्सिजनचा खप’ लिहा, आणि चयापचय पेशींसाठी राखून ठेवा.