मे महिन्यात नोकरी सोडू नका

हिशेबाची वही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, मी 31 वर्षांची, म्हापशाला आई-बाबांसोबत राहते. पणजीच्या एका जाहिरात एजन्सीत 18 ऑक्टोबर 2021 पासून ग्राफिक डिझायनर आहे. मूळ पगार 20,000, हातात 34,000 येतात. ऑफिसात आम्ही चौदा जण. गेल्या सीझनला ओळखीतून मोरजीच्या दोन शॅकची (किनाऱ्यावर सीझनपुरती उभी राहणारी हॉटेलं) मेनूकार्डं आणि आसगावच्या एका होमस्टेचा लोगो व पाट्या अशी 61,000 रुपयांची कामं रात्री जागून केली. त्यातले 22,000 अजून यायचे आहेत. शॅकवाला म्हणतो, ‘सीझन सोंपूं दी, मागीर दितां.’ बँकेत 1 लाख 80 हजार आहेत, स्कूटरचा हप्ता 3,400. गेल्या महिन्यात साहेब सगळ्यांसमोर नको ते बोलले, तेव्हापासून मन उडालंय. मे अखेरीस नोकरी सोडून स्वतःची कामं घ्यावी म्हणते. पण नेमणूकपत्रात ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं आमच्या ग्राहकांचं काम करणार नाही’ अशी अट आहे. बाबा म्हणतात, सरकारी भरतीची वाट बघ. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातली मोलाची गोष्ट तुम्ही अर्धविरामामागे लपवली आहे. 22,000 यायचे आहेत. म्हणजे कमावलेल्या रुपयातले छत्तीस पैसे अजून शॅकवाल्याच्या गल्ल्यात आहेत. साहेब काय बोलले ते मी विचारणार नाही. मला हे 22,000 छळतात.

दर महिन्याला तुमच्या खात्यात जो पगार पडतो तो कुठून येतो, याचा कधी विचार केलात? एजन्सीचीही बिलं हॉटेलं दोन-दोन, तीन-तीन महिने अडकवतात. तुमच्या ऑफिसात कोणीतरी फोन करत असतं, ‘मेल मिळाली नाही’ म्हटलं की बिल पुन्हा पाठवतं, रिसेप्शनवर जाऊन बसतं. ते काम तुमच्या टेबलावर कधी आलं नाही, म्हणून दिसलं नाही. नोकरी सोडली की डिझाइन तेच राहील, वसुली मात्र नवी येईल. चित्र काढता येतं म्हणून चित्राचे पैसे मागता येतात असं नाही. मी तर आयुष्यभर आकडेच केले, तरी मागताना माझीही जीभ जड व्हायची.

माझं सांगतो. मी नोकरी सोडली नाही, नोकरीनेच मला सोडलं. डिचोलीत एका खाण कंपनीच्या कचेरीत हिशेब लिहायचो. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठवड्यावर आली होती. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं, सामान आणायला बाजारात गेलो तर जो तो एकमेकाला विचारतोय, ‘आता कितें?’ ‘कायमची नोकरी’ या शब्दांवर तेव्हापासून माझा फारसा विश्वास नाही, तेव्हा मी तुम्हाला नोकरीला चिकटून बसा म्हणतोय असं समजू नका. पुढे मी दुकानं, बार, गॅरेजं यांचे हिशेब घरून करू लागलो. एका बारवाल्याने 18,000 रुपये नऊ महिने लटकवले. शेवटी 10,000 दिले आणि उरलेल्यांच्या बदल्यात मे महिन्यात मानकुरादच्या दोन पेट्या आणून ठेवल्या. आंबे उत्तम होते. बायकोने मात्र त्या दिवशी जेवताना माझ्याकडे जसं पाहिलं, ते अजून आठवतं. त्यानंतर मी आगाऊ पैसे घेतल्याशिवाय वही उघडलेली नाही.

आता तुमचा मे महिना. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे शॅक, होमस्टे, हॉटेलं. मे संपला की शॅक उतरतात. जून-जुलैत मोरजीला नवं मेनूकार्ड कोणाला हवंय? नवी कामं सुरू होणार सप्टेंबरात, ऑक्टोबरला शॅक उभे राहतात तेव्हा घाई होणार, आणि मालकाच्या हातात खरा पैसा खेळणार नाताळ-नव्या वर्षाला. घरात देता ते, हप्ता आणि पेट्रोल धरून तुमचा खर्च महिना 25,000 मानू. जून ते डिसेंबर सात महिने, 1 लाख 75 हजार. म्हणजे पहिलं मोठं पेमेंट येईतो खात्यात 5,000 उरतील. तेही लॅपटॉप बिघडला नाही तर. पावसात वीज किती वेळा जाते आणि आल्यावर कशी धडकन येते, हे म्हापशेकरांना मी सांगायला नको. इन्व्हर्टरचे पैसे वेगळे धरा.

दुसरं, तुमची तारीख. 17 ऑक्टोबर 2026 ला तुमची पाच वर्षं भरतात. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाच वर्षं सलग झाली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांचा, हक्क लागतो. मूळ पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. तुमच्या आकड्यांनी 57,692 रुपये. मे अखेर बाहेर पडलात तर साडेचार महिन्यांसाठी यावर पाणी सोडणार. साहेबांच्या एका वाक्याची किंमत 57,692? मी तरी इतकी देणार नाही.

ऑक्टोबर अखेरपर्यंत थांबलात आणि दर महिन्याला 9,000 बाजूला टाकलेत, तर आताचे 1 लाख 80 हजार, त्यात 45,000, त्यात ग्रॅच्युइटी, मिळून 2 लाख 82 हजारांच्या पुढे जाता. शिवाय बाहेर पडाल तेव्हा सीझनचं दार उघडं असेल. यंदा चवथ 14 सप्टेंबरला आहे. त्याआधीचे तीन आठवडे एजन्सीत जाहिरातींची झुंबड असणार, त्या गर्दीत राजीनामा टेबलावर ठेवू नका. गोवा एवढासा आहे. आजचे साहेब उद्या तुम्हाला काम पाठवतील, किंवा तुमच्याबद्दल विचारणाऱ्याला दोन शब्द सांगतील. चवथ आटोपली की सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नोटीस द्या आणि सुटताना रिलीव्हिंग लेटर हातात घ्या.

भाव. मेनूकार्डाला तुम्ही किती घेतलेत ते लिहिलं नाहीत, पण 61,000 मध्ये तीन गिऱ्हाइकं बसवलीत म्हणजे अंदाज येतो. पगाराला तीसने भागून दिवसाचा दर काढू नका. हातातले 34,000, पीएफ कापत असतील तर तुमचे 2,400 आणि मालकाचे तेवढेच, विमा, इंटरनेट, आणि आज ऑफिसच्या पैशाने चालतं ते सॉफ्टवेअर, जे उद्या तुम्हालाच विकत घ्यावं लागेल. बेरीज 50,000 च्या आसपास जाते. महिन्यात बिल लावता येतील असे दिवस मिळतील बारा. उरलेले भेटी, दुरुस्त्या, कोटेशन आणि त्या वसुलीत जाणार. म्हणजे दिवसाला साधारण 4,200. चार दिवसांचं मेनूकार्ड 16,800 ला पडतं. शॅकवाला ओरडेल. ओरडू दे. नंतर दोनशेचा किंगफिश तीनशेने छापायला तोच सांगतो.

पैसे मागायची पद्धत एकदा बसवा आणि ओळखीच्यांनाही सोडू नका. ओळखीच्यांना तर मुळीच नाही. सुरुवातीला अर्धे. दुरुस्त्या दोनदा, तिसरीला वेगळे पैसे, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, आधी लिहून. पसंतीसाठी वॉटरमार्क असलेलं जेपीजी पाठवा. कोरलड्रॉची मूळ फाइल किंवा छपाईची पीडीएफ उरलेले अर्धे आल्यावरच. छापखान्यात फाइल गेली की तुमचा हात रिकामा. मोरजीवाल्याची फाइल तुम्ही आधीच देऊन बसला आहात, म्हणून तो सीझन संपायची वाट बघतोय. त्याच्याकडे मे संपायच्या आत, टेबलं अजून मांडलेली आहेत तोवर, स्वतः जा. जूनमध्ये तिथे फक्त वाळू आणि माड असतील.

नोकरी सुटली की उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, करा. आधार आणि पॅन लागतं, सरकारी पोर्टलवर ती फुकट आहे. पैसे मागणारा एजंट दिसला तर नमस्कार करा. लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, आणि काही झालं तरी 45 दिवसांत चुकतं करावं लागतं. लेखी काही ठरलं नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. शॅकवाला याला घाबरेल असं मला वाटत नाही. पण मोठ्या हॉटेलचा अकाउंट्सवाला घाबरतो, कारण वेळेत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला कंपनीच्या खर्चात दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा.

कंपन्या तुमच्या बिलातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतील. घाबरू नका. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, विवरणपत्र भरलंत की कापलेलं परत येतं. विवरणपत्र चुकवू नका, कारण उद्या घरासाठी कर्ज मागाल तेव्हा बँक स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याकडे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. क्रेडिट कार्ड हवं असेल तर पगाराची स्लिप हातात आहे तोवर घ्या.

दोन वर्षांची ती अट. भारतीय करार कायदा 1872, कलम 27 : नोकरी संपल्यावर माणसाला त्याचा धंदा करू न देणारा करार सर्वसाधारणपणे टिकत नाही. पण यातून दोन गोष्टी सुटत नाहीत. ऑफिसच्या फाइली, दरपत्रकं, ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर पडलात तर ते वेगळं प्रकरण होतं. आणि नोकरीत *असताना* बाहेरची कामं करू नयेत ही अट मात्र पूर्ण चालते. तेव्हा बाय, रात्रीची कामं ऑफिसच्या लॅपटॉपवर केली असतील तर आजपासून बंद. नेमणूकपत्र पुन्हा एकदा, चष्मा लावून वाचा.

विमा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत आई-बाबा असतील तर शेवटच्या दिवसाआधी महिना-दीड महिना त्याच विमा कंपनीला लिहा. ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि जुन्या आजारांसाठीचा सरलेला प्रतीक्षाकाळ मोजला जातो. नोकरी सुटल्यावर आठवण झाली तर उशीर झालेला असतो. गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड घरात असेलच. तिघांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण आहे. नूतनीकरण झालंय का ते बघा. आमच्याकडे ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवतात आणि तारीख कोणी बघत नाही.

बाबांना भरतीची जाहिरात आली की अर्ज भरून दाखवा. अर्ज भरल्याने फ्रीलान्सिंग थांबत नाही आणि घरात शांतता राहते.

प्रश्न : मुलगा 26 वर्षांचा. वेर्ण्याची कारखान्यातली नोकरी सोडून घरी बसून लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. रात्रभर जागा, दुपारी बारापर्यंत झोप. लोक विचारतात तेव्हा काय सांगायचं? त्याचं लग्न कसं जमवायचं? — एक आई, फोंडा

उत्तर : वहिनी, लोकांना सांगा, तो एडिटर आहे. त्यापुढचे प्रश्न लोक स्वतःच थांबवतात, कारण एडिटर म्हणजे काय ते त्यांना विचारायचं नसतं.

मुलाला मात्र एक गोष्ट सांगा : दर महिन्याच्या 5 तारखेला घरखर्चाची ठरलेली रक्कम तुमच्या हातात आली पाहिजे. काम असो वा नसो, थोडी असली तरी चालेल. चातुर्मासात हिंदूंची लग्नं नसतात, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत ख्रिश्चनांची नसतात. त्याच्या धंद्यात हे कोरडे महिने दरवर्षी येणारच. डिसेंबर-जानेवारीतून आणि मेमधून जुलै-ऑगस्टची 5 तारीख वाचवता आली, तर त्याला धंदा कळला. सलग बारा वेळा 5 तारीख चुकली नाही की मुलीच्या घरच्यांना दाखवायला बँकेचं पासबुकच पुरेल. दुपारी बारापर्यंत झोपू द्या. कारखान्यात रात्रपाळी करून आला असता तर तुम्हीच दारं लोटून घेतली असती.

प्रश्न : मी पर्वरीहून एका जर्मन कंपनीसाठी भाषांतर करते. महिन्याला सुमारे 70,000 युरोतून येतात. जीएसटी नोंदणी लागेल का? मैत्रीण म्हणते, परदेशी काम म्हणजे पहिल्या रुपयापासून लागते.

उत्तर : नाही. सेवांसाठी वार्षिक 20 लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, गोव्यातही मर्यादा हीच आहे, आणि राज्याबाहेर किंवा देशाबाहेर दिलेल्या सेवांनाही ती सवलत लागू आहे. तुमचे होतात 8 लाख 40 हजार. पुढे 20 लाख ओलांडलेत तर नोंदणी घ्या आणि सोबत एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरा. निर्यात असल्याने कर शून्य राहील. बँकेकडून प्रत्येक पेमेंटचं परकीय चलन आल्याचं पत्र मागून एका फाइलीत लावत चला. पैसे बँकेत उतरले तो रुपयाचा आकडा आणि बिलावरचा युरोचा आकडा, दोन्ही त्याच कागदावर पेनने लिहून ठेवा. मार्चमध्ये शोधायला बसलात तर सापडणार नाहीत.