नळ नवा, तरी भिंत ओली

प्रश्न : ओट्यावरचा नळ बदलला. टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली, पान्याने आवळला, तरी नळामागच्या, भिंतीला टेकणाऱ्या चकतीमागून पाणी झिरपतं. अजून आवळू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नका. भिंतीतला एल्बो, म्हणजे नळ ज्यात बसतो तो वाकडा जोड, साध्या प्लॅस्टिक आट्यांचा असेल तर पितळी नळाच्या जोराने तो तडकतो. मग पाणी भिंतीतच मुरतं आणि ओल पलीकडच्या खोलीत दिसते.

मेन कॉक बंद करा, खालचा एखादा नळ सोडून लाइन रिकामी करा आणि नळ काढा. आधी एल्बो किती आत आहे ते बघा. टाइल चढल्यावर तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत जातो, नळाचे दोन-तीनच आटे पकडतात आणि मग टेप कितीही गुंडाळा, गळणारच. अशा वेळी अर्धा इंची लाइनचं एक्स्टेन्शन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा, लागतं. ते अर्धा, एक, दीड इंच अशा लांबीत मिळतं. तोंड टाइलच्या पातळीत येईल असं घ्या. त्याच्या भिंतीकडच्या आट्यांनाही टेप हवीच, ती अनेकदा राहून जाते.

भिंतीतल्या आट्यांवरची जुनी टेप, सफेदा (सांध्याला लावतात तो पांढरा तेलकट लेप) जुन्या टूथब्रशने साफ करा. नळाचे आटे स्वतःकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना गोळा होऊन बाहेर येते. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्यात जात नाहीत. नेहमीच्या पातळ टेपचे बारा ते पंधरा वेढे पुरतात. नळ हाताने तीन-चार फेरे जावा, पुढचा एखादा फेरा पान्याने. क्रोमवर चरे नकोत म्हणून पान्याखाली फडकं घ्या.

तोटी खाली यायच्या जागेच्या पुढे गेली तर मागे फिरवू नका. बहुतेक गळती इथेच होते : मागे घेतला की टेपची पकड सुटते. नळ काढा, टेप नवी लावा, दोन वेढे जास्त घ्या. जुन्या गंजक्या लोखंडी लाइनला सूत-सफेदा अजूनही चांगला. सीपीव्हीसी या प्लॅस्टिक पाइपला मात्र तेलकट लेप नको, टेपच.

चकती पांढऱ्या सिमेंटने लगेच बुजवू नका. मेन कॉक हळूहळू सोडा, सांध्याला कोरडा कागद लावून अर्धा तास थांबा. कागद कोरडा राहिला तरच बुजवा. एरवी गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते.

प्रश्न : बेसिनच्या नळाच्या कनेक्शन पाइपला टेप लावूनही नटातून थेंब पडतात. – एक वाचक, ठाणे

उत्तर : टेप काढून टाका. त्या नटात रबरी वायसर असतो आणि पाणी तोच अडवतो. आट्यांवरच्या टेपने नट पूर्ण बसत नाही. वायसर आहे का, दुमडला नाही ना, ते बघा. हाताने घट्ट करून पान्याने पाव फेरा, बस्स. त्याहून जास्त आवळलात तर वायसर चिरतो. पाइप भिंतीजवळ ज्याला जोडतात त्या छोट्या अँगल कॉकची भिंतीकडची बाजू मात्र टेपवरच बसते. पाइपला पीळ पडू देऊ नका.

प्रश्न : नव्या क्वार्टर टर्न (पाव फेऱ्यात उघडणाऱ्या) नळाची धार आठवड्यातच बारीक झाली. – एक वाचक, लातूर

उत्तर : तोंडाची जाळी फिरवून काढा, बहुधा त्यात रेती आणि टेपचे तुकडे सापडतील. क्षार साचले असतील तर जाळी व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा. यापुढे नळ लावण्याआधी उघड्या लाइनखाली बादली धरून पाणी मिनिटभर सोडत जा. हीच रेती आतल्या सिरॅमिक चकत्यांवर चरे पाडते आणि मग नळ बंद करूनही टपकत राहतो. तेव्हा आतलं कार्ट्रिज, म्हणजे या चकत्यांचा संच, बदलावं लागतं, ते त्याच कंपनीचं आणि त्याच मापाचं घ्या.