एमएस, थकवा आणि चालण्याचे श्रम

प्रश्न : मी ३९ वर्षांची असून कोथरूडला राहते व शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) असल्याचे निदान झाले. सकाळी मी ठीक चालते. पण दुपारी परतताना बसथांब्यापासून घरापर्यंतच्या थोड्याशा अंतरातच उजवा पाय ओढला जाऊ लागतो आणि घरी आल्यावर भाजी चिरण्याचेही त्राण उरत नाही. उन्हाळ्यात त्रास फार वाढतो. घरचे म्हणतात, रोज जास्त चालत जा, म्हणजे ताकद येईल. मी चालणे वाढवावे की कमी करावे?

उत्तर : चालणे सोडू नका, पण सलग चालण्याचा आग्रहही धरू नका. घरच्यांचा हेतू चांगला असला, तरी तुमचा थकवा निव्वळ सवय सुटल्यामुळे आलेला नाही, हे त्यांना समजायला हवे. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंवरचे मायेलिनचे आवरण खराब होते, त्यामुळे संदेश मंदावतात किंवा वाटेतच अडतात, आणि स्नायू धडधाकट असूनही त्यांना वेळेवर आज्ञा मिळत नाही. चवडा पुरेसा उचलला जात नाही म्हणून तुम्ही नकळत कंबरेतून पाय वर घेता. पायातील ताठरपणामुळे एक स्नायू दुसऱ्याच्या विरुद्ध ओढतो. शिवाय तोल सांभाळायला सतत लक्ष द्यावे लागते. म्हणूनच एमएस असलेल्या अनेकांना तेवढेच अंतर कापायला निरोगी माणसापेक्षा जास्त ऊर्जा लागते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र त्यातले काहीच दिसत नाही, आणि मला वाटते, रुग्णाला सर्वांत जास्त दुखावते ते हेच.

घरी पोहोचल्यावरचे गळून जाणे केवळ चालण्यामुळेच असेल असे नाही. एमएसमधील थकवा अजिबात न चालतासुद्धा येतो. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागल्याने मोडणारी झोप, नैराश्य किंवा एखादे औषध यांचीही त्यात भर पडू शकते, म्हणून ही तपासणी आधी करून घ्या. थकव्यासाठी गोळी मागणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी : अमँटाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट या तीन औषधांची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तुलना झाली, तेव्हा त्यांपैकी एकही औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. डाल्फॅम्प्रिडीन या औषधाने काहींचा चालण्याचा वेग सुधारतो. मात्र पूर्वी फिट आलेल्यांना ते देत नाहीत आणि त्याआधी मूत्रपिंडाचे कार्य तपासावे लागते.

उन्हाचा त्रास हा तुमच्या मनाचा खेळ नाही. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी खराब झालेल्या तंतूंमधील संदेशांचे वहन आणखी मंदावू शकते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच ही घटना नोंदवली होती. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारच्या त्या वाटेसाठी रिक्षा करणे हा आळस नव्हे. अंग थंड झाले की ही लक्षणे ओसरतात आणि त्यातून नवी इजा होत नाही. मात्र ताप किंवा लघवीचा संसर्ग नसताना नवी अशक्तता चोवीस तासांहून अधिक टिकली, तर न्यूरोलॉजिस्टना लगेच कळवा.

व्यायाम सकाळी, गारव्यात करा. काही मिनिटे चालून, पाय ओढला जाण्याआधीच बसा आणि मग पुन्हा चाला; सलग चालण्यापेक्षा असे थांबत चालल्याने कमी दमायला होते. पायांची ताकद वाढवणारे व्यायाम आणि ताठरपणासाठी ताण देण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. चवडा घसटत असल्यास घोट्याला आधार देणाऱ्या पट्ट्याविषयी त्यांना अवश्य विचारा. अनेकजण लाजेपोटी तो टाळतात आणि विनाकारण पडतात. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे, तेथे अशाच अडचणीतून गेलेली माणसे भेटतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे, त्यामुळे शाळेकडे तळमजल्यावरचा वर्ग किंवा सकाळचे तास मागताना संकोच बाळगू नका.