हौशी कार शर्यतीसाठी हातमोजे कसे निवडावेत?

आपला प्रश्न असा आहे की, कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर बंद गाडीच्या हौशी शर्यतीत आपण प्रथमच उतरणार आहात, घरी मोटरसायकलचे चामडी हातमोजे आहेत, दुकानदार कार्टिंगचे, म्हणजे लहान उघड्या गाड्यांच्या शर्यतीचे, स्वस्त हातमोजे सुचवतो आहे, तर यांपैकी कोणते चालतील? मी स्वतः हौशी शर्यतींत गाडी चालवतो आणि माझे स्पष्ट मत असे आहे की या दोन्हींपैकी एकही घेऊ नये.

मोटरसायकलचे हातमोजे स्वार रस्त्यावर घसरत गेला तर कातडी सोलवटू नये म्हणून बनवलेले असतात. त्यामुळे तळव्याला जाड थर आणि बोटांच्या पेरांवर प्लास्टिकचे कडक कवच असते. बंद गाडीत ते कवच उपयोगी पडत नाही, उलट स्टीअरिंगच्या आऱ्यांना आणि आसनाच्या पट्ट्याच्या बकलला अडकते. कार्टमध्ये चालकाला पट्टाच नसतो, आग लागली तर तो उठून बाजूला होऊ शकतो, म्हणून कार्टिंगचे हातमोजे बहुधा पॉलिएस्टर आणि कृत्रिम स्वेडचे असतात. पॉलिएस्टर आगीत वितळते आणि वितळलेले कापड त्वचेला चिकटते. गाडीत आपण सहा टोकांच्या पट्ट्याने जखडलेले असताना हा धोका पत्करण्याचे काहीही कारण नाही.

शर्यतीच्या हातमोजाचे पहिले काम पकड देणे नसून, आग लागल्यावर आपले हात काम करते ठेवणे हे आहे. बकल सोडणे, खिडकीची जाळी काढणे, अग्निशामकाची कळ ओढणे, विजेचा मुख्य खटका बंद करणे, दार उघडणे, ही सर्व कामे हातांनीच करायची असतात आणि सर्वांत आधी उघडे पडतात तेही हातच. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनच्या ग्रां प्रीमध्ये फॉर्म्युला वन चालक रोमां ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. गाडी थांबल्यानंतर २७ सेकंदांनी तो स्वतःच्या बळावर ज्वाळांतून बाहेर आला. भाजला तो मुख्यतः दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला. सर्वोच्च पातळीवरील साधने असूनही हातांना झळ पोहोचली, यावरून साध्या कापडाच्या हातमोजांत काय झाले असते याची कल्पना करता येते.

म्हणून कापड नॉमेक्ससारख्या अ‍ॅरामिड, म्हणजे आच सोसणाऱ्या कृत्रिम, धाग्याचे हवे. हा धागा वितळत नाही, ठिबकत नाही, आचेने काळवंडून जाड होतो आणि ज्वाळा दूर होताच पेटत राहत नाही. मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापलेल्या 'फायरप्रूफ' या शब्दावर विश्वास ठेवू नका. हातमोजालाच शिवलेली चिठ्ठी पाहा. तिच्यावर एफआयए (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) ८८५६-२०१८, किंवा आधीचे ८८५६-२०००, असे मानक लिहिलेले असावे. एसएफआय या अमेरिकी सुरक्षा-मानक संस्थेच्या ३.३ मानकाच्या हातमोजांवर तिरक्या रेघेनंतर श्रेणीचा आकडा असतो: ३.३/१ म्हणजे हात दुसऱ्या दर्जाचे, म्हणजे फोड येण्याइतके, भाजेपर्यंत सुमारे ३ सेकंद, तर ३.३/५ म्हणजे सुमारे १० सेकंद. या दोहोंतील फरक बकल सोडायला मिळणाऱ्या वेळेचा आहे. पैसे देण्यापूर्वी आपल्या स्पर्धेच्या पुरवणी नियमांत यांपैकी कोणते मानक मान्य आहे ते वाचा, कारण तपासणीत ती चिठ्ठीच पाहिली जाते.

मानक जुळले की मापाकडे या, आणि येथे घाई करू नका. तळव्याचा घेर अंगठा सोडून मोजा, कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा, पण निर्णय हातात घालूनच घ्या. बोटे सरळ ठेवून माप पाहणे फसवे असते. गाडीत हात सदैव वळलेला असतो, म्हणून स्टीअरिंग घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून पाहा. बोटांच्या टोकाशी रिकामे कापड उरत असेल तर ते खटक्यांवर घुटमळते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या खाचेत ताण येत असेल तर तासाभरात हात भरून येतो. बोटांना आधीच किंचित वळण दिलेले हातमोजे यासाठी अधिक सुखाचे वाटतात. शिवण बाहेरच्या बाजूला असलेले हातमोजे मला विशेष पसंत आहेत, कारण आतली शिवण नखांच्या कडेला टोचत राहते आणि कारीसारख्या लहान, वळणांनी भरलेल्या मार्गावर हात क्षणभरही स्थिर नसतो. मनगटाचा भाग एवढा लांब हवा की हात पूर्ण ताणला तरी सूटची बाही आणि हातमोजा यांच्यामध्ये त्वचा दिसू नये.

दुकानात शक्य असेल तर हातमोजे घालून, डोळे मिटून, पट्ट्याचे बकल सोडून पाहा. ते पहिल्या प्रयत्नात सुटले नाही तर ती जोडी, कितीही नामांकित कंपनीची असली तरी, तिथेच ठेवा.

तळव्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. स्टीअरिंगवर स्वेड असेल तर मऊ चामड्याचा तळवा पुरेसा होतो, आणि गुळगुळीत चामड्याच्या किंवा मूळ कंपनीच्या स्टीअरिंगवर सिलिकॉनचे ठिपके असलेला तळवा अधिक उपयोगी पडतो. तळव्याचा थर जितका पातळ तितके पुढच्या चाकांचे बोलणे हाताला नीट कळते, म्हणून जाडी हाताच्या मागच्या बाजूला असावी. रंगाचा विचार शेवटी करा.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या: हे हातमोजे घालून गाडीचे बॉनेट उघडू नका, चाके बदलू नका, पेट्रोल भरू नका. तेल किंवा इंधन मुरलेला नॉमेक्स आगीपासून रक्षण करत नाही, कारण मुरलेले इंधन स्वतःच पेटते. अशा कामांसाठी साधी वेगळी जोडी ठेवा. धुताना सौम्य साबण वापरा, ब्लीच आणि कपडे मऊ करणारे द्रव टाळा, चामड्याचा तळवा असल्यास कंपनीची सूचना पाळा आणि सावलीतच वाळवा, कारण कडक उन्हाने अ‍ॅरामिड धागा कमकुवत होतो. बोटांच्या टोकाशी शिवण उसवली किंवा तळव्याला भोक पडले की घरी सुई-दोऱ्याने दुरुस्ती करू नका. साधा दोरा आगीत टिकत नाही. अशी जोडी सरावासाठीही न वापरता बदला.