पहिल्यांदा आइसब्रेकर बघायला जाताना

आइसब्रेकर, म्हणजे समुद्रावरचा बर्फ फोडत वाट काढणारं जहाज, बघायला जायचं मस्त खूळ डोक्यात घेतलंयस! फक्त नाताळच्या सुट्टीची तिकिटं काढू नकोस, सगळे तिथेच फसतात. बोथनियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला खरा बर्फ फेब्रुवारी-मार्चला. फिनलंडचं केमी किंवा स्वीडनचं लुलेओ धर.

तोवर ठाण्यात बसून जहाजांचा नकाशा दाखवणाऱ्या ॲपवर 'ओत्सो', 'कोंतिओ' हे फिनलंडचे आइसब्रेकर शोधत जा.

तिथे नजर जहाजाच्या पुढच्या टोकावर ठेव. आइसब्रेकर बर्फ कापत नाही; त्यावर चढतो आणि वजनाने फोडतो. मागची खाचही बघ, अडकलेल्या जहाजाचं नाक तिच्यात ओढून घट्ट बांधतात आणि तसंच ओढत नेतात.

जाकिटावर पैसे उडवतात, पाय विसरतात. जाड मोजे मावतील असा एक नंबर मोठा बूट घे. फोन आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी मान टाकते. कॅमेऱ्याच्या लेन्सचं नंतर बघू.