ऑटिस्टिक (स्वमग्न) प्रेक्षकांसाठीचा ‘सेन्सरी फ्रेंडली’, म्हणजे उजेड-आवाजाचा त्रास होणार नाही असा, सिनेमाचा शो नेमका कसा असतो?

सिनेमा तोच असतो, हॉलमधलं वातावरण बदलतं. दिवे पूर्ण बंद न करता मंद ठेवतात, आवाज कमी करतात, जाहिराती आणि ट्रेलर बहुतेक वेळा गाळतात. कुणी उठून फेऱ्या मारल्या, हात फडफडवले, पुढचा संवाद आधीच मोठ्याने म्हटला, तरी कुणी ‘शूऽऽ’ करत नाही. माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण मग घरच्यांनाही जीव मुठीत धरून बसावं लागत नाही. अमेरिकेत एएमसी या थिएटर-साखळीने ऑटिझम सोसायटी या संस्थेबरोबर असे शो बऱ्याच वर्षांपूर्वीच सुरू केले. अशा शोमध्ये नुसतेच कार्टूनपट मात्र नकोत. ऑटिस्टिक मुलं मोठी होतात, त्यांनाही थ्रिलर बघायचा असतो! जाण्याआधी आवाज खरंच कमी ठेवणार का, हे थिएटरला फोन करून विचारा.